डोळ्यांची आखणी

गणपती बनवतात त्या जागेला आमच्याकडे शाळा म्हणतात. आमच्या शाळेत मास्तर एकच, माझे सासरे, आणि विद्यार्थीही एकच, मी. नवरा मुंबईला नोकरीत. त्याला मातीची ॲलर्जी आहे, निदान तो तसं सांगतो.

श्रावणाआधी लोक घरचा पाट आणून देतात. ज्याच्या त्याच्या पाटावर ज्याचा त्याचा गणपती घडतो. रंग मी द्यायचे, आणि सगळं झाल्यावर डोळ्यांची आखणी मामंजी करायचे. त्यांनी आखलेल्या डोळ्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा शाळेचा एकमेव नियम होता.

ऐंशी उलटल्यावर त्यांचा उजवा हात कापायला लागला. शहाण्या माणसाने अशा वेळी काम आवरतं घ्यावं. यांनी साचे उचलून माळ्यावर टाकले. "जन्मभर साच्यातनं काढले, आता जरा हातानं करून बगतो," म्हणाले. पेणच्या मूर्ती रंगून-सजून दापोलीच्या बाजारात येऊन बसायच्या आणि आमचे मामंजी एका सोंडेला चार दिवस लावायचे. साठी बुद्धी नाठी म्हणतात, इथे तर ऐंशी झालेली. तोंडावर मी काही बोलले नाही, पण भांडी जरा जोरात घासली.

त्या वर्षी त्यांनी पहिला गणपती घेतला तो वरच्या वाडीतल्या एका म्हातारीचा. मामंजींच्याच वयाची विधवा. उन्हाळ्यात पडून तिचा खुबा मोडला होता, तेव्हापासून अंथरुणातच होती. पाट कुणीही आणून दिला असता, तरी मामंजी काठी टेकत स्वतः चढण चढून गेले. आठवड्याने परत एकदा गेले. पाट तर आलाय, मग आता कशाला, म्हणून मी कुरकुरले.

त्या मूर्तीचे डोळे आखायला त्यांना तीन सकाळी लागल्या. मनगट लाकडी पट्टीवर टेकवायचं, श्वास धरायचा आणि एक रेघ ओढायची. डोळे झाले, पण बुबुळं खाली, मूर्तीच्या डाव्या अंगाला गेलेली. समोरून बघितलं तर देव पेंगतोय असं वाटे. हात घसरला, मी मनात म्हटलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी म्हातारीचा मुलगा मुंबईहून आला. मूर्तीपुढे उभा राहिला आणि हसला. "वहिनी, हा झोपलाय काय? उद्या न्यायचाय. बघा काय ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवून मामंजी आडवे झाले होते. मी पांढरा रंग घेतला, मूर्तीचे डोळे त्याने झाकले, सुकू दिले आणि नवे आखले. सरळ, टपोरे, समोर बघणारे. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला.

चहाला उठून मामंजी शाळेत आले. बराच वेळ बघत राहिले.

"कोणी आखलान?"

"मी. तुमचा हात घसरला होता."

"घसरला नव्हता गो." ते खाली बसले. "ती भुयीवर निजते. माजघरात, गणपतीच्या डाव्या अंगाला. मी तिच्या उशाशी बसून बगून आलो होतो."

त्यांनी ब्रश उचलला. पट्टी घेतली, मनगट टेकवलं. पण संध्याकाळी तो हात त्यांचा नसायचा. टोक सोंडेवर आपटलं. मी ओल्या फडक्याने डाग पुसला.

"तुम्ही सांगा, मी आखते," मी म्हटलं.

"सांगून येत नाय ते."

त्यांनी ब्रश धुतला, बोटांनी केस सरळ केले आणि बरणीत उभा ठेवला. त्या घटकेनंतर त्यांनी ब्रशला हात लावला नाही. उरलेल्या दोन मूर्तींचे डोळे मी आखले. फाल्गुनात ते गेले. साचे माळ्यावरून मीच उतरवले, हल्ली सगळं त्यातूनच काढते.

पण त्याच गणपतीत मी म्हातारीकडे दर्शनाला गेले होते, ते सांगायचं राहिलं. मुलगा आणि सून पाहुण्यांच्या चहात होते. म्हातारी भिंतीशी गोधडीवर पडलेली. तिने मला जवळ बसवून घेतलं.

"बगतोय ना गो तो माज्याकडं? तुज्या सासऱ्यानं शब्द दिलान हाय, यंदा तुज्याकडंच बगायला लावतो म्हणून. मला मेलीला एवढ्या लांबचा दिसत नाय."

मी वाकले. तिच्या उशीपर्यंत डोकं खाली नेलं आणि तिथून वर पाहिलं. माझे टपोरे डोळे आम्हा दोघींना सोडून समोर दारातल्या पाहुण्यांच्या चपलांकडे बघत होते.

"बघतोय," मी म्हटलं.

म्हातारीने धडपडत गोधडीतून हात बाहेर काढला आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.