बाबा ड्यूटीवर आहेत
ओल्या डिस्टेंपरचा वास आला की जगतपुऱ्यातलं आमचं दोन खोल्यांचं घर आठवतं. बाबा सीतापुऱ्यात कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते, ओव्हरटाइम करकरून त्यांनी ते बांधलं. ते अचानक वारले आणि माझ्या कॉलेजच्या फीसाठी आईने घर विकायला काढलं. मलमास तोंडावर आला होता; तो लागला की महिनाभर कुणी घराचा सौदा करत नाही. दलालाने घाईने भिंती रंगवून घेतल्या, बाबांचा हार घातलेला फोटो उतरवायला लावला. "भाभीजी, विधवा का घर सुनते ही पार्टी भाव तोड़ती है. बोलना, साहब ड्यूटी पर हैं." आईने टिकली लावली. मी पाहतच राहिले, तशी म्हणाली, "बघतेस काय? फी भरायचीय ना तुझी?" घर बघायला नवरा-बायको आले. त्यांना घर आवडलं. "भाईसाहब से मिलकर ही जाएँगे," म्हणत ते आरामात बसले. आईने चहा केला, थोड्या वेळाने पुन्हा केला. बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला आणि आईने दाराकडे पाहिलं, बाबा यायच्या वेळी रोज पाहायची तसं. तिथेच तिला रडू फुटलं. "नहीं आएँगे वो. बरसात में ही गुज़र गए." दलालाने कपाळावर हात मारला. त्या बाईंनी उठून आईला जवळ घेतलं. नवऱ्याने मात्र दुसऱ्या दिवशी भाव पाडूनच घर मागितलं. आईने दिलं. त्या पैशांत मी इंजिनिअर झाले. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच.