बाबांच्या फणसाचं दार

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ — त्याच्याजवळ तर नाहीच.

माझ्या हाती दिलेलं काम चोख होतं, असं घरात सगळे मानतात. मीही मानते. म्हणून हे इतकं टोचतं का?

शिरढोणजवळचं सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, घर रस्त्यात गेलं, तेव्हा परसातला फणस तोडावा लागला. बाबांनी त्याच्या फळ्या पाडून पनवेलला आमच्या इमारतीखाली आणल्या. फ्लॅटचं दार त्याच फणसाचं हवं, एवढा एकच हट्ट. लाकूड ओळखायला मला त्यांनीच शिकवलं — गाभा कुठला, कडेचं पांढरं कुठलं, जून कुठलं, कोवळं कुठलं. फणसाचा हळदीसारखा रंग पुढे तपकिरी कसा होतो. फळ्या रचताना त्यांनी मधेमधे पट्ट्या घातल्या. "वारा लागू दे गो, नायतर कुजंल."

मग पावसाळाभर ते उरणला लेकीकडे राहिले. आणि मी काय केलं? पट्ट्या काढल्या. तो ढीग पसारा वाटायचा, पार्किंगमधले लोक कुरकुरायचे. फळ्या चापूनचोपून एकावर एक, वर प्लास्टिक, दोरी घट्ट. किती नीटनेटकं दिसत होतं!

पाऊस संपल्यावर सोडून पाहिलं — बुरशी, वाळवी. बोट लावलं तर आत गेलं.

सांगता आलं नसतं? फोन हातातच होता. पण मी कुजलेल्या फळ्या कचऱ्याच्या गाडीत घातल्या आणि वखार गाठली. तिथे बाबांचेच शब्द वापरले — जून फणस द्या, गाभ्याचा, पांढरं नको.

बाबा परतले तेव्हा दार बसलेलं होतं. त्यांनी त्यावरून तळहात फिरवला. पुन्हा फिरवला.

"माज्या फणसाला गाठ व्हती. झोपाळा बांधायचो तिथं. ती कुठं गेली?"

"सुताराने काढली, बाबा. दार वाकलं असतं."

"बरं क्येलं."

मग पाहुणा आला की ते दार दाखवायचे, "ह्यो आमचा फणस हाय." ते म्हणताना माझ्याकडे बघायचे — की मलाच तसं वाटायचं?

बाबा आता नाहीत. काल आम्ही घर बदललं. नवऱ्याने ते दार बिजागऱ्यांवरून उतरवून घेतलं. "हे कसं सोडायचं? बाबांचा फणस आहे." दाराला कपाळ टेकवून तो जरा थांबला. मग म्हणाला, "धर गं तिकडून."

मी धरलं.