जुल्फारच्या वाळूत आर्चबिशपची कबर

फ्रान्सिसकाका शनिवारी कायमचे वसईला परतणार होते, म्हणून शुक्रवारी सकाळी आम्ही रास अल खैमाला निघालो. १९९८ सालची गोष्ट. काका आमचे दुबईतले शेजारी. नोकरी सांभाळून वीस वर्षं ते एकाच माणसाचं चरित्र लिहीत होते: चारशे वर्षांपूर्वीचे गोव्याचे एक आर्चबिशप. मेंढपाळाचा मुलगा, मठात शिकून एवढा वर चढलेला. पण व्हाइसरॉयच्या खोट्या पत्रावर सही करेना, म्हणून पद गेलं. परतीच्या जहाजावर ते तापाने वारले आणि जुल्फारच्या, म्हणजे रास अल खैमाजवळच्या जुन्या बंदराच्या, किनाऱ्यावर पुरले गेले, असं काकांनी कुठल्याशा जुन्या पत्रात वाचलं होतं. शेवटचं प्रकरण कबर पाहूनच लिहायचं, म्हणून अडलं होतं.

जुल्फार दुबईहून दीड तासावर. पण इथे रविवारची मिस्सा चर्चमध्ये शुक्रवारी होते आणि सुट्टीही शुक्रवारीच. काकांनी मिस्सा कधी चुकवली नव्हती, म्हणून वीस वर्षांत तिथे जाणं झालं नव्हतं.

"आज चुकली. साहेब रागावले असते," ते गाडीत म्हणाले. साहेब म्हणजे आर्चबिशप.

उम्म अल कुवैनला अंडा-पराठा आणि चहा घेतला. काका, मी आणि नऊ वर्षांची माझी सई, तिघांचे नऊ दिरहम, म्हणजे शंभरेक रुपये. पुढे रस्ता मोकळा, पण हवेत नुसती धूळ. माझं मन उगाचच खट्टू झालं होतं.

जुल्फारला तारेचं कुंपण आणि फाटकाला कुलूप. पठाण राखणदार म्हणाला, "आज जुम्मा है, साब. कल आना." तुम्ही जाणार असाल तर शुक्रवार टाळा. आम्हाला 'कल' नव्हता.

काकांचे मोतीबिंदू पिकलेले. तार धरून त्यांनी विचारलं, "तुला काही दिसतंय का रे? क्रूस, दगड?"

वाळूचे ढीग होते. दोन शेळ्या होत्या.

"दिसतोय, काका. दगड आहे. वर क्रूस कोरल्यासारखा."

काकांनी गुडघे टेकले. प्रार्थना म्हणताना ते रडले. मला स्वतःची लाज वाटली.

ते गाडीत बसल्यावर सईने माझी बाही ओढली. "बाबा, देअर वॉज नो स्टोन."

"खलास. चल, बस गाडीत."

दोन वर्षांनी वसईहून पुस्तक आलं, आणि महिन्याभरात काका गेल्याचा फोन. शेवटच्या पानावर छापलंय: 'माझ्या डोळ्यांनी दगा दिला, पण माझ्या शेजाऱ्याने तो दगड पाहिला. हा माणूस खोटं बोलणारा नव्हे.'

पुस्तक दिवाणखान्यात कपाटात आहे. सईला मराठी वाचता येत नाही, याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.