कुलूप नसलेला जिना

शेजारची लक्ष्मीमावशी गेल्याचं मला तिच्या मुलाच्या, रवीच्या फोनवरून कळलं. मी वणीबाहेर चंद्रपूर रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांच्या मागे अडकलो होतो. "काका, आई गेली," एवढंच तो बोलला... पुढचे काही दिवस गल्लीत तिच्याविषयी खूप चांगलं बोललं गेलं. पण दहाव्याला समोरच्या काकडेकाकू म्हणाल्या, "बिचारी जनमभर पाण्याले भेली," आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मी हिशेब लिहिणारा माणूस आहे. चुकीची नोंद दिसली की दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही. ही नोंद चुकीची आहे.

मावशी मूळची आंध्रच्या किनाऱ्यावरची, कृष्णा नदी समुद्राला मिळते त्या दिवीसीमा भागातली. १९७७ च्या नोव्हेंबरात तिथे चक्रीवादळ धडकलं तेव्हा ती लग्नाच्या वयाची मुलगी होती. आधी वारा, मग समुद्रच गावात शिरला. गावात पक्कं छत एकच होतं, भाताच्या गिरणीचं. पण छतावर जाणारा जिना गिरणीच्या आत होता आणि त्याच्या दाराला कुलूप होतं, कारण वर वाळत घातलेलं धान चोरीला जायचं. लोक दाराशी जमले. रखवालदार किल्ली आणायला मालकाच्या घराकडे पळाला आणि परत आलाच नाही. मावशीला पाण्याने उचलून एका बाभळीत नेऊन अडकवलं. काट्यांचे व्रण तिच्या दोन्ही हातांवर शेवटपर्यंत होते. त्या वादळात किती माणसं गेली? सरकारी आकडा दहा हजारांच्या आसपास आहे, तिकडचे लोक त्याहून बराच मोठा सांगतात. मला दोन्ही पडताळता आले नाहीत, म्हणून मी फक्त तिच्या घरचा देतो. सहा गेले. ती आणि तिचा मामा, एवढे राहिले.

पुढे लग्न होऊन ती वणीला आली. नवरा कोळसा खाणीत फिटर. त्यांनी आमच्या शेजारी घर बांधायला काढलं, तेव्हा मी शाळेत होतो. पण ते भांडण मला आठवतं, कारण अख्खी गल्ली ऐकत उभी होती. मावशीला जिना बाहेरून हवा होता, थेट रस्त्यावरून वर जाणारा, रुंद आणि बुटक्या पायऱ्यांचा. गवंडी वैतागला. "बाई, जिना आत घ्या. जागा वाचते. अन् खाली दार लावा, नाहीतर कोणीबी चढंल."

"कोणीबी चढावं म्हणूनच बांधून राह्यली न मी," मावशी म्हणाली. "दार माझ्या घराले लाव. जिन्याले नाही."

ओसरीची जागा त्या जिन्यात गेली. नवरा बरेच दिवस धुसफुसला. गल्लीने मात्र छत आपलंच मानलं. कुरड्या, मिरच्या, परीक्षेचा अभ्यास, पतंग, सगळं मावशीच्या छतावर. एकदा एक बकरी चढली आणि काकडेकाकूंचे पापड खाऊन गेली. काकू तावातावाने आल्या, "लक्ष्मीबाई, आता तरी फाटक लावता का?" मावशी पायऱ्यांकडे बघत म्हणाली, "बकरी चढली म्हंजे म्हातारीही चढंल. पायरी बरोबर बसली." पापड तिने दुसऱ्या दिवशी लाटून दिले. फाटक लावलं नाही.

मोठा झाल्यावर मीही तिच्याशी वाद घातला. सांगितलं, मावशी, वणीहून जवळचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे-पाचशे किलोमीटर आहे. ती शांतपणे म्हणाली, "आमच्या गावातही एक मोजणारा होता बाबू. तोही म्हणे, समुद्र दूर आहे." मी हट्टाला पेटलो आणि त्या वादळाची सगळी माहिती मिळवून तिला समजावून सांगितली. बंगालच्या उपसागरात, दूर आग्नेयेला कमी दाबाचा पट्टा तयार झाला. तो पश्चिमेकडे सरकत, वाढत राहिला. तसाच सरळ गेला असता तर तमिळनाडूकडे गेला असता. पण मध्येच तो उत्तरेला वळला आणि आंध्रवर आला. मावशी तूर निवडत होती. हात थांबले.

"म्हंजे तो आमच्याकडं येतच नव्हता?"

"नव्हता. मग वळला."

"मग वळला," ती म्हणाली आणि पुन्हा तूर निवडायला लागली. त्यानंतर मी तिला अंतर सांगितलं नाही.

आता खरं ते लिहितो. मावशीच्या छतावर पाण्यापासून जीव वाचवायला कधीही कोणी चढलं नाही. गावाजवळच्या निर्गुडा नदीला पूर आले, पण ते आमच्या गल्लीच्या खालीच थांबले. समुद्र वणीला येणार नाही, हे मला माहीत आहे आणि मावशीलाही माहीत असावं. पण जिना वाया गेला असं म्हणायला मी तयार नाही, आणि त्यासाठी माझ्याकडे पुरावा नाही. एवढंच सांगतो की भ्यालेला माणूस दार लावून घेतो. तिने जिन्याला ते ठेवलंच नाही. जे कुलूप तिच्या माणसांच्या आड आलं, तसं दुसरं आपल्या जिन्याला लागू द्यायचं नाही, ही तिची जिद्द होती, आणि तिने ती मरेपर्यंत चालवली.

गेल्या आठवड्यात रवी घर भाड्याने द्यायला आला. भाडेकरूची अट, जिन्याला फाटक हवं. रवी नोकरीसाठी हैदराबादेत असतो, त्याचंही काही चूक नाही. मी नको म्हणालो तर त्याने विचारलं, "काका, तुम्हालाही वाटते का पाणी येईल म्हणून?"

"नाही वाटत."

"मग?"

तेवढ्यात वेल्डर टेप घेऊन आला. खालच्या पायरीवर काकडेकाकू तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. तो म्हणाला, "काकू, जरा सरका. माप घ्यायचं हाय."

"घे न. मले धरून घे."

"अशानं कसं होईल काकू?"

"नाही होत तर राहू दे." काकूंनी मान वर केली नाही. "कायले पाह्यजे फाटक? काय सोनं वाळते वर? रव्या, तुझ्या भाडेकरूले सांग, या घराले जिना असाच येते. पटलं तर राह्य म्हणा."

रवी हसायला लागला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. वेल्डरने टेप गुंडाळून खिशात घातला. भाडेकरू राहायला आला आहे. कुरकुर करतो, पण राहतो. आज सकाळी मी वर गेलो तर कोपऱ्यात कोणाच्या तरी मिरच्या पसरलेल्या होत्या. कोणाच्या, ते मी विचारलं नाही.