कालव्यावरचे सहा दिवस आणि एक लॉक

वीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढूनही माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, सुट्टीत बोटीवरच जायचं होतं. इंग्लंडमधल्या कालव्यांवर नॅरोबोट भाड्याने मिळते. रुंदी जेमतेम सात फूट, लांबी मात्र सिंगापूरमधल्या आमच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटपेक्षा जास्त. चालवायला परवाना लागत नाही, हे मी दोनदा वाचून खात्री केली. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. काय काय बिघडू शकतं हे शोधण्याचाच मला पगार मिळतो. पण महिन्याभरात तो पुन्हा चार महिन्यांसाठी जहाजावर जाणार होता, म्हणून मी हो म्हटलं. आमची ईरा चौदा वर्षांची. जूनच्या शाळेच्या सुट्टीत निघालो.

चांगी विमानतळावरून लंडन, तिथून ट्रेनने क्रू स्टेशन, गाडी बदलून व्हिटचर्च गाव; बोट तिथूनच घ्यायची होती. किराणा तिथेच भरून घ्या, पुढे दुकानं लांब आहेत. पोहे, मेतकूट, लोणचं आम्ही घरूनच नेलं होतं.

बोट देणाऱ्या बाईंनी तासाभरात सगळं समजावलं. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला खोल हौद. उतरताना भरलेल्या हौदात बोट घ्यायची, मागचं दार लावायचं आणि पुढच्या दारातल्या झडपा हँडलने उघडून पाणी सोडायचं. मागच्या दाराशी पाण्याखाली दगडी कट्टा असतो. काठावरच्या पांढऱ्या रेघेच्या मागे बोटीचं शेपूट गेलं, तर पाणी उतरताना ते कट्ट्यावर टेकतं आणि बोट पुढे कलंडते. मी हे फोनमध्ये लिहून घेतलं. मिलिंद नुसती मान डोलवत होता.

पहिले दोन दिवस छान गेले, असं फोटो बघून वाटतं. बोट माणसाच्या चालीने जाते, गाई वळून बघतात, कुठेही काठाला दोर बांधून चहा करता येतो. मी मात्र सतत पुढे उभी राहून पूल आला, वळण आलं असं ओरडत होते, आणि मागे सुकाणू धरलेला मिलिंद उत्तर देत नव्हता. माझ्या काळजीला तो कंटाळला असेल, असं समजून मी मनातल्या मनात चिडत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी, मारबरी गावाच्या अलीकडच्या लॉकमध्ये, मी पुढच्या दाराशी झडपा उघडत होते. ईरा आत पुस्तक वाचत होती. पाणी निम्मं उतरलं तेव्हा दिसलं की बोट हळूहळू मागे सरकली आहे.

"मिलिंद, पुढे घे!"

त्याने माझ्याकडे पाहून हसत हात हलवला. मी पुन्हा ओरडले. तो तसाच उभा. मग खरवडल्याचा आवाज आला, शेपूट कट्ट्यावर टेकलं आणि बोटीचं नाक खाली जाऊ लागलं. आत भांडी घसरली. ईरा किंचाळली.

मागे आपल्या बोटीवर थांबलेल्या एक आजी धावत आल्या आणि झडपा आधी बंद कर म्हणून मला ओरडल्या. घाईत हँडल दोनदा निसटलं. झडपा बंद झाल्यावर आजींनी मागच्या दारातून जपून पाणी आत सोडलं. बोट परत उचलली जाईपर्यंत मी आतल्या ईराशी बोलत राहिले. काय बोलले, ते आठवत नाही.

ती बाहेर आली, कोपर खरचटलेलं. मी मिलिंदवर तुटून पडणार, तेवढ्यात ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, बाबा कान्ट हिअर यू लाह. यू रिअली डिडन्ट नो?"

मला खरंच माहीत नव्हतं. मिलिंद छतावर बसला आणि खाली बघत म्हणाला, "दीड वर्ष झालं. उजव्या कानाने ऐकू येतं थोडं. कंपनीच्या मेडिकलमध्ये कळलं की जहाजावरची नोकरी गेली समज."

"आणि आज ईरा गेली असती तर?"

हे त्याला नीट ऐकू गेलं. तो रडला. आमच्या लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

उरलेले तीन दिवस सुकाणू माझ्या हातात होतं. भीती गेली नाही. प्रत्येक लॉकमध्ये ती पांढरी रेघ कुठे आहे, हे मी मोठ्याने ईराला विचारत होते. तुम्ही जाणार असाल तर लॉकसाठी हाताच्या खुणा आधी ठरवा. कान कितीही चांगले असोत.

सिंगापूरला परतल्यावर कंपनीच्या मेडिकलची वाट न बघता तो स्वतःच कान तपासायला गेला. श्रवणयंत्रं मिळाली, जहाज गेलं. सध्या तो बंदरावरच्या एका वर्कशॉपमध्ये जातो. संध्याकाळी घरी येतो, आणि घरात बसवत नाही म्हणून पुन्हा बाहेर पडतो. पुढे कसं होईल, हा विचार मला रोज असतो.

रविवारी समुद्रकाठी ईस्ट कोस्टला फिरायला जातो तेव्हा तो आता माझ्या डावीकडून चालतो, उजवा कान माझ्या बाजूला ठेवून. आणि "काय म्हणालीस?" असं विचारतो, कधी एकदा, कधी तीनदा. मी पुन्हा सांगते.