भागीरथाताईनं न खाल्लेला आंबा

भागीरथा वड्डेनं भर सभेत कुलगुरूंच्या अंगावर पन्हं फेकलं, असं दुपारी मेसमध्ये ठरलं. संध्याकाळपर्यंत पेल्याचा जग झाला. गोष्ट वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर पोचली तेव्हा सिरोंच्याची रश्मी छातीवर हात ठेवून सांगत होती, "अम्मो! जग तं नंतर गं. आधी खुर्ची उचलली तिनं. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं." रश्मी त्या दिवशी दाढ काढायला दवाखान्यात गेली होती. पण हे कुणी बोललं नाही, कारण खुर्चीवाली गोष्ट जास्त रंगत होती. मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या गुणाबाईनं भाताच्या पातेल्यावर डाव आपटून निकाल दिला, "जंगलातल्या मानसाले राग लवकर येते. आन् आला का मंग त्याले कुलगुरू नाई दिसत का कोणी नाई दिसत."

घडलं ते इतकंच. विद्यापीठाच्या आदिवासी अध्ययन केंद्राचा वर्धापनदिन होता. चैत्रातलं गडचिरोलीचं ऊन, मांडवाचं कापड तव्यासारखं तापलेलं. सगळ्यांना कैरीचं पन्हं वाटलं. भागीरथाला पहिल्या रांगेत बसवलं होतं, कारण पदविकेच्या वर्गात भामरागडच्या पलीकडून आलेली ती एकटीच, आणि "तुमच्याकडच्या माळा घालून या हं" असा निरोप तिला आदल्या दिवशीच आला होता. पेला हातात पडला. परत करावा तर वाटणारा पुढे निघून गेला. प्यावा तर तिला पिता येत नव्हता. एक भाषण झालं, दुसरं झालं, पेल्यातला बर्फ विरघळला. शेवटी तिनं पेला हळूच खुर्चीखाली ठेवला. पंख्याची वायर ओढणाऱ्या मांडववाल्याचा पाय त्याला लागला आणि शेजारी बसलेल्या कुलगुरूंच्या बुटाखाली ओघळ गेला. ते "असू द्या, असू द्या" म्हणाले आणि पाय बाजूला घेऊन भाषण ऐकू लागले.

रागाचा काही संबंधच नव्हता. त्या वर्षीचा आंबा तिच्यासाठी अजून मोकळा झाला नव्हता, एवढंच.

भागीरथाचं गाव कोहकाटोला. तिथल्या माडिया लोकांत नवं फळ, नवं धान्य कुणी आपल्या मनानं तोंडात घालत नाही. आधी पंडुम व्हावा लागतो. गावाचा पेरमा, म्हणजे पूजा करणारा माणूस, देवाच्या झाडाखाली पहिल्या कैऱ्या ठेवतो, मोहाच्या दारूची धार सोडतो, कोंबडं देतो. मग तो पहिली फोड खातो, मागून सगळं गाव खातं, नि ढोल वाजतात. त्याच्या आधी आंबा म्हणजे नुसतं झाडाचं पान. भागीरथाचा बाप झिंगू हा कोहकाटोल्याचा पेरमा होता. लहानपणी ती झाडाखाली लाळ गिळत उभी राही आणि बाप मुद्दाम सावकाश, एकेक कैरी पुसून ठेवी. "बाबा, लवकर कर ना," म्हटलं की म्हणे, "झाडाले घाई नाई, तुले काऊन हाये?"

आश्रमशाळेत ती बारावी झाली. लग्न टिकलं नाही, माघारी आली. मग बरीच वर्षं गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. तिशी उलटल्यावर नागसेन सर गावात आले. सर मूळचे चंद्रपूरकडचे, केंद्रात शिकवणारे. झिंगूची गाणी टिपून घ्यायला आले होते, जाताना म्हणाले, "भागीरथाबाई, आमच्याकडे पदविका आहे. आदिवासी भाषा, संस्कृती, ग्रामसभेचे हक्क. वसतिगृहाची सोय होईल. या तुम्ही."

झिंगूनं लेकीला विचारलं, "तिथी का शिकवतेत?"

"आपलंच शिकवतेत बाबा. आपले देव, आपले सण."

"आपलंच शिकाले इतक्या दूर काऊन जातेस? इथीच बस, मी शिकवतो." तो हसला, पण बसपर्यंत तिचं बोचकं त्यानंच डोक्यावर वाहून नेलं.

ती इकडे आली त्याच पावसाळ्यात झिंगू गेला. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी नाल्याला पूर, खाटेवरून पलीकडे न्यायलाही वाट नाही. भागीरथा पोचली तेव्हा माती देऊन झाली होती.

पेरमापण बाईकडे जात नाही. ते गेलं चुलतभावाकडे, लच्छूकडे. आणि लच्छू दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जाई, तो यंदा तिकडेच राहिला होता. म्हणून भागीरथाच्या जिवाला एकच घोर लागला होता, बापाच्या मागे पहिला पंडुम होतो की नाही. एक साल चुकलं तर दुसरं साल चुकणं सोपं जातं, हे तिनं शेजारच्या गावात पाहिलं होतं.

वर्गात सणांचा पाठ आला. नागसेन सर पुस्तकी मराठीत सुरू करत आणि रंगात आले की घरच्या बोलीवर घसरत. "पंडुम हा निसर्गाशी असलेल्या कराराचा सोहळा होय. म्हणजे पाहा, झाडाले इचारल्याबिगर हात लावाचा नाई. बरोबर का भागीरथाबाई?" सगळं बरोबर होतं. झाड, कोंबडं, मोहाची धार, क्रम, एकही चूक नव्हती. भागीरथानं मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. बापाचे हात कुठेच नव्हते त्यात, पण ते सरांच्या हातात कसे असणार?

पन्ह्याच्या प्रकरणानंतर सरांनी तिला बोलावलं. त्यांच्या मनात उन्हाळ्याच्या महोत्सवात पंडुमचं प्रात्यक्षिक ठेवायचं होतं. ती म्हणाली, "सर, आमचा आंबा मोकळा नाई झाला अजून. बाजारातल्या कैऱ्या मांडून कसं करू?" सरांनी कागदावरची एक ओळ खोडली. मग म्हणाले, "बरं मग. नाचच ठेवू. नाचाले तं कोणाची हरकत नाई ना?" माणूस चांगला. वाद नाही, राग नाही. भागीरथाला उलट वाटलं, थोडा वाद झाला असता तर बरं झालं असतं. वाद घालायला तरी कुणी समोर असतं.

मेसमध्ये मात्र उन्हाळाभर कैरीच कैरी. वरणात कैरी, चटणीत कैरी, कांद्यात किसलेली कैरी. गुणाबाई ताट वाढताना डाव हवेत धरून विचारी, "आज मोकळा झाला का तुमचा आंबा? का अजून बंदोबस्तात हाये?" पोरी खिदळत. भागीरथाही हसे आणि कोरडा भात, भाजी घेऊन कोपऱ्यात बसे. तिथेच एका दुपारी हे लिहिणाऱ्या चिमूरच्या पोरीनं पैज लावली.

"ताई, आंबे सरायच्या आत तुम्ही खाणार. लिहून घ्या."

"नाई खाणार."

"खाणार! हापूस आणून नाकाखाली धरीन."

"आन् नाई खाल्ला तं?"

"तं मी पण नाई खाणार. तुम्ही खाल तवाच खाईन. लोणचं पण नाई."

"लोणचं पण?" भागीरथानं भुवई वर केली. "पाह्य बरं. तुझ्यानं होत नाई ते."

लच्छूला ती फोन करी, तेव्हा वसतिगृहाच्या गच्चीवर एका टोकाला उभी राही, तिथेच आवाज नीट येई. बोलणं माडियात चाले. खाली आली की पोरी गराडा घालत आणि ती लच्छूचा सूर लावून मराठीत ऐकवी.

"'हॅलो, हॅलो, कोण? अरे बाई तू! मी मस्त हाये. सेठनं ट्रॅक्टर देल्ला चालवाले.' मी म्हटलं, दादा, एकच दिवस ये. सकाळी ये, पंडुम कर, संध्याकाळी जा. तं म्हणते, 'सेठ सोडत नाई.' मी म्हटलं, सेठले सांग, देवाचं काम हाये. म्हणते, 'सेठचाही देव हाये, त्याचं काम पह्यले.'"

पोरी हसल्या. ती मात्र चप्पल काढून पायाकडे बघत बसली.

मे महिन्यात लच्छूचा फोन लागेनासा झाला. परीक्षेआधीची सुट्टी लागली आणि ती घरी निघाली. अहेरी, तिथून भामरागड, पुढे काळीपिवळी जीप, मग पायी. वाटभर एकच हिशेब मनात, लच्छूला ग्रामसभेचं बोलावणं गेलं तर तो नाही म्हणणार नाही. म्हाताऱ्यांना गाठायचं, बोलायचं, अजून झाडावर आंबा आहे.

अंगणात पाय ठेवला तर कोयींचा ढीग. त्यावर माश्या. तिची आई बायनाबाई ओट्यावर बसून मीठ-मिरची लावलेली फोड चोखत होती. शेजारची पोरं कोयींनी नेम धरून खेळत होती.

"आलीस?" आई म्हणाली आणि फोड पुढे केली. "घे. यंदा लई गोड हाये."

"पंडुम झाला का?"

"कोण करते?"

"मंग हे?"

"मंग का? पेरमा नाई तं गावानं तोंड शिवून बसाचं? पह्यले पोट्ट्यांनी खाल्लं. मंग त्यांच्या मायांनी. काही झालं नाई. मंग मीनंही खाल्लं." बायनाबाईनं कोय ढिगात टाकली. "तुह्या बाबाले राग नाई येणार. त्याले माह्यापेक्षा कोण ओळखते?"

भागीरथा गावातल्या म्हाताऱ्यांकडे गेली. एकानं लच्छूला शिवी दिली. एक म्हणाला पुढच्या साली बघू. तिसरा आंबाच खात होता, तो लाजून उठला आणि पाणी आणायला आत गेला, तो बाहेर आलाच नाही. संध्याकाळी विहिरीवर तिच्याच वयाच्या बायांनी तिला घेरलं. "आमी तं खाऊन मोकळ्या झालो. तूच राह्यली. युनिव्हर्सिटीत जाऊन माडिया बनून राह्यली का गं?" हसणं वाईट नव्हतं. लहानपणापासूनच्या त्या मैत्रिणी. पण भागीरथाची कळशी भरून वाहू लागली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

खरंच, आता कुणासाठी थांबायचं होतं? देवाच्या झाडाखाली ती एकटी गेली. तिथे कोंबड्याचं पीस नव्हतं, शेंदराचा ठिपका नव्हता, खाली गळून सडलेले आंबे होते. एक ताजा पडलेला तिनं उचलला, पदरानं पुसला, बाप पुसायचा तसा सावकाश. नाकाशी नेला. तोंड सुटलं. तिला खायचा होता, याबद्दल तिच्या मनात काही शंका नव्हती. हात तेवढा वर येईना. बराच वेळ वाट पाहून तिनं तो झाडाच्या बुंध्याशी ठेवला आणि घरी आली.

निघताना बायनाबाईनं पोतंभर आंबे बांधून दिले. "तू नको खाऊ. तुह्या पोरींले दे. बिचाऱ्या मेसचं खातेत."

ते पोतं तिनं बसच्या टपावर चढवलं, गडचिरोलीला उतरवलं, मेसमध्ये आणलं. गुणाबाईनं चिडवायचं सोडून परात पुढे सरकवली. पोरींनी कपडे खराब होईपर्यंत खाल्ले. हे लिहिणारीनं मात्र हात आवरला आणि डोळा ठेवला. आता तर घरचेच आंबे, आईच्या हातचे, आता कशी खात नाही? भागीरथा चाकूनं फोडी करून प्रत्येकीच्या ताटलीत वाढत होती. शेवटी तिचे हात मनगटापर्यंत रसानं माखले. ती नळावर गेली आणि साबण लावून हात धुतले. दोनदा धुतले.

तोंडी परीक्षेला नागपूरहून एक मॅडम आल्या. शांत, नीटनेटक्या. नागसेन सर बाजूला बसले होते. दार उघडंच होतं आणि बाहेर पुढचा नंबर लागलेल्या पोरी कान देऊन उभ्या होत्या. पंडुमची माहिती भागीरथानं सगळी सांगितली. मॅडम खूश झाल्या. "छान. फारच छान. मला सांगा, तुमच्या गावात हा सण अजूनही होतो का?"

 सरांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. होतो म्हणावं तर खोटं. होत नाही म्हणावं तर तिच्याच तोंडून ते संपलं, आणि तेही बाप जाऊन वर्ष व्हायच्या आत, अनोळखी बाईसमोर, गुणांसाठी.

"यंदा अजून झाला नाई," ती म्हणाली.

"पण आता तर पाऊस लागला. आंबे संपले असतील ना?"

"हो. संपले."

"मग?"

"अजून झाला नाई, मॅडम."

मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला. सरांनी पेपरवेट खाली ठेवला.

बाहेर आल्यावर तिनं पिशवी खांद्यावर अडकवली. पोरींनी विचारलं, कशी गेली तोंडी? "चांगली गेली," म्हणाली, आणि ओळखीचा एक चेहरा बघून थांबली. "का गं चिमूर, आंबे सरले. हरलीस ना?"

हरलीच. परवा चिमूरहून आईनं लोणच्याची बरणी पाठवली, नवी, वर तेलाचा तवंग आलेली, झाकण उघडायच्या आधीच मोहरीचा वास खोलीभर. लोणचं नको म्हटलं तर गुणाबाईला वाटलं पोरगी आजारी आहे. रश्मी म्हणते, एका फोडीनं का होते, भागीरथाताईले कोण सांगते? बरणी खिडकीत ठेवली आहे. लच्छूचा फोन अजून लागत नाही.