एका क्लिकमध्ये खानदान साफ

माझे सासरे ठणठणीत असताना मी माझ्या सासूबाईंना विधवा केलं. त्यांच्यासोबत थोरल्या जाऊबाईंना, नणंदेला, आणि हात लागलाच होता म्हणून स्वतःलाही! चौघींचे नवरे त्या वेळी आपापल्या घरी मजेत होते. कुणाला कळलंसुद्धा नाही, इतकं माझं काम सफाईदार झालं होतं.

हे सगळं शिक्षणामुळे झालं. शाळेतली नोकरी सोडून मी घरी बसले, तेव्हा पुण्याच्या लेकीने तिचा जुना कॅमेरा पाठवून दिला आणि फोनवर फर्मान काढलं, "आई, क्लास लाव." इथे जबलपुरात, नेपियर टाउनमध्ये एका दातांच्या दवाखान्याच्या वर डिजिटल फोटोग्राफी आणि फोटो एडिटिंगचा क्लास चालतो. खाली दात काढतात, वर डाग काढतात. (कळवळण्याचा आवाज दोन्हीकडून सारखाच येतो.) वर्गात मी सोडून सगळी विशीतली पोरं. शिकवणारे सर माझ्या लेकीपेक्षाही लहान आणि मला 'आंटी जी' म्हणणारे. आयुष्यभर मी पोरांना गणितात नापास केलं होतं. आता ते सगळं फेडणं चाललं होतं.

दर आठवड्याला एक प्रोजेक्ट असायचं. कधी 'प्रकाश आणि सावली', कधी 'हालचाल', कधी 'स्वयंपाकघरातल्या वस्तू'. त्या दिवसांत आमच्या घरी कुणी गरम खाल्लं नाही. पोह्यांवर कोथिंबीर पडली रे पडली की मी "थांबा!" म्हणून ओरडायची, बशी खिडकीत न्यायची, उजेड नाही म्हणून अंगणात न्यायची, आणि परत आणीपर्यंत पोह्यांचा चिवडा झालेला असायचा.

"अगं, खाऊ दे नं आता," हे कळवळून म्हणायचे. "पोह्यांचा फोटो मोठा झाला काय माझ्या पोटाहून?" (हे म्हणजे माझे यजमान. बँकेत अधिकारी आहेत; घरात नाहीत.)

सासूबाईंचा आक्षेप मात्र तात्त्विक होता. "काहून इतके फोटो काढून राहिली वो? माणूस गेल्यावर भिंतीवर एक लागते. तेवढा पुरे."

आता सासूबाईंबद्दल सांगायलाच हवं. मी अमरावतीहून लग्न होऊन या घरात आले, तेव्हापासून त्यांनी माझ्या कुठल्याही गोष्टीला 'छान' म्हटलेलं नाही. वाईटही म्हणत नाहीत हो! पुरणपोळी फसली तर "होते कधी कधी", आणि जमली तर "फाटली नाही नं? झालं तर." मला लेक झाली तेव्हा सगळा दवाखाना "किती गोड!" म्हणत होता. सासूबाईंनी तिला निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "नाक तुमच्याकडचं दिसते." केस पांढरे झाले तरी मला त्यांच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायचं होतं. हसा खुशाल, पण एवढी एकच हौस उरली होती.

अशात नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ऐंशी पूर्ण झाली आणि सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ करायचं ठरलं. होम, औक्षण, जेवणावळ, आणि हॉलच्या दारात सगळ्या कुटुंबाच्या फोटोचा मोठा फ्लेक्स! फोटोसाठी स्टुडिओवाल्याला बोलवा, असं सगळे म्हणत होते. तेवढ्यात सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "घरचीच शिकून राहिली नं इतके दिवस? तिलाच काढू द्या. पाहू तरी काय शिकली ते."

क्लासचं शेवटचं प्रोजेक्टही नेमकं तेच होतं: कुटुंबाचा समूहफोटो आणि त्याचं एडिटिंग. एका दगडात सर्टिफिकेट आणि सासूबाई!

महालक्ष्म्यांना सगळे घरी जमले, तेव्हा अंगणात फोटो काढला. मधोमध नाना, शेजारी सासूबाई, सिहोऱ्याहून आलेले थोरले दीर आणि जाऊबाई, नागपूरहून नणंद आणि तिचे यजमान, आणि कडेला आम्ही. कॅमेऱ्याला टायमर लावून मी धावत यायची, तोवर कुणीतरी शिंकायचं. भाद्रपदातलं ऊन, घामाने सगळ्यांचे चेहरे तळलेल्या वड्यासारखे चकाकत होते. शेवटी एकदाचा फोटो निघाला आणि लगेच फर्माइशी सुरू झाल्या.

"काय वो शोभा, माझ्या गालावरचा हा मस निघते काय त्याच्यात?" जाऊबाईंनी विचारलं.

"अन् माझं डोळ्याखालचं काळं," नणंद म्हणाली.

"मला थोडे केस घाल नं," ह्यांनी टक्कल पुढे केलं.

नाना म्हणाले, "माझं काही काढू नको बाप्पा. आहे तेच कमी होऊन राहिलं."

नंतर मी एकटी ताक घुसळत असताना सासूबाई हळूच आल्या, दाराकडे पाहिलं, आणि विचारलं, "मानेच्या सुरकुत्या जातात काय वो?"

"जातात, आई," मी म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी आजवर माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट!

मग मी कामाला लागले. एकेक डाग, एकेक सुरकुती. जाऊबाईंचा मस काढायला गेले तर अर्धी नाकपुडी गेली. नणंदेचं डोळ्याखालचं काळं पुसलं तर तिचा डोळा गालावर उतरला. समारंभाचा आदला दिवस उजाडला, फ्लेक्सवाला दुपारपर्यंत फोटो मागत होता, आणि मी क्लासमध्ये बसून अजून दिरांच्या कानाशीच होते. शेवटी सरांना माझी दया आली.

"आंटी जी, एक-एक दाग क्यों निकाल रही हैं? ये वाला बटन दबाइए. एक क्लिक, पूरा खानदान साफ!"

त्या वाक्यालाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मी बटण दाबलं, आणि काय सांगू! सगळे चेहरे साल काढलेल्या बटाट्यासारखे गुळगुळीत! मस गायब, डोळ्याखालचं काळं गायब, सासूबाईंची मान तर नव्या नवरीची. आणि मी? माझी दुसरी हनुवटीच नाहीशी झाली होती. मी कितीतरी वेळ स्वतःकडेच बघत बसले. बाकी कुणाकडे नीट बघायला सवडच झाली नाही. खाली फक्त नानांचं नाव घालून फोटो फ्लेक्सवाल्याला पाठवून दिला, आणि त्याने सकाळी परस्पर हॉलच्या दारात उंचावर तारांनी बांधून टाकला.

समारंभाच्या दिवशी आम्ही मागच्या दाराने, सामानासकट, आत शिरलो. नाना रेशमी धोतर नेसून गुरुजींपुढे बसले होते. होमाची तयारी चालली होती, तेवढ्यात पुढच्या दाराकडून हुंदके ऐकू आले. साधेसुधे नाहीत, ऊर फुटल्यासारखे! आम्ही धावलो. पाटनचे बापूराव, नानांचे जुने सहकारी, चपला काढून, हात जोडून फ्लेक्ससमोर उभे होते आणि ओक्साबोक्शी रडत होते.

नानाही मागून आले. "काय झालं रे बापू? कोण गेलं?"

बापूरावांनी नानांकडे पाहिलं. मग फ्लेक्सकडे. मग पुन्हा नानांकडे.

"तुम्हीच नं, नाना!" ते म्हणाले आणि मटकन पायरीवर बसले.

तेव्हा मी मान वर करून फ्लेक्स पाहिला. नानांच्या गळ्यात छापलेला झेंडूचा जाडजूड हार होता. दोन्ही बाजूंना छापलेल्या समया तेवत होत्या. आणि त्यांच्या भोवती आम्ही चौघी, कोऱ्या पाटीसारखी कपाळं घेऊन! त्या बटणाला काय माहीत कुंकू म्हणजे काय? सासूबाईंचं बंद्या रुपयाएवढं कुंकू त्याला मोठा लाल डाग वाटला, आमच्या टिकल्या बारके डाग वाटले. त्याने इमानेइतबारे सगळे साफ केले. (आता कुणी काय लावावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, माझी लेक तर टिकलीला हात लावत नाही. पण सासूबाई कुंकू लावल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत!)

मी फ्लेक्सवाल्याला फोन लावला. "भैया, ये हार क्यों डाला? मैंने तो हार नहीं बोला था!"

"मैडम, फोटो में घर की लेडीज़ को देखा तो समझ गया," तो अत्यंत मृदू आवाजात म्हणाला. "ऐसे टाइम पे पूछना ठीक नहीं लगा. हार और दीये मैंने अपनी तरफ से लगा दिए. हिम्मत रखिए."

माझी हिंमत तिथेच संपली. मागून हे येऊन उभे राहिले. माझ्या कोऱ्या कपाळाकडे बघत बघत त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी बी गेलो? अगं, पेन्शन तरी सुरू होऊ द्यायची होती!"

"मस गेला वो," जाऊबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "पण त्याच्यासोबत आमचे हे बी गेले!"

नाना तेवढे खूश होते. "बापू, उठ आता. आलाच आहेस तर जेवून जा. तेरावं बी आजच उरकून घेऊ."

आणि मग सासूबाई बाहेर आल्या. त्या फ्लेक्सकडे बघत राहिल्या आणि मी त्यांच्याकडे. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला खरोखर वाटलं. पण हॉलची फरशी पक्की होती. लग्न झाल्यापासून त्यांनी मागितलेल्या पहिल्यावहिल्या गोष्टीच्या बदल्यात मी त्यांचं कुंकूच पुसून टाकलं होतं, आणि तेही चौकातून दिसेल एवढ्या आकारात!

"आई, उतरवते मी तो," मी रडत म्हणाले. पण तो उतरवणार कसा? तारा उंचावर, फ्लेक्सवाला बांधून निघून गेलेला, आणि पाहुणे दारात येऊन धडकत होते. एकेक जण फ्लेक्स बघायचा, आवाज खाली आणायचा आणि आत जाऊन नानांना बघून दचकायचा. जाऊबाईंनी खुर्चीवर चढून पर्समधली एक टिकली लावून पाहिली, पण फ्लेक्सवरच्या त्या परातीएवढ्या कपाळांवर ती टिकली माशी बसल्यासारखी दिसली.

"कुंकवाचा करंडा आण," सासूबाई म्हणाल्या. "अन् निरांजनाचं तेल आण."

त्या खुर्चीवर चढल्या. खाली खुर्ची नानांनी धरली. (बापूराव हे दृश्य तोंडाचा आ वासून बघत होते.) सासूबाईंनी तेलात कुंकू कालवून आधी फ्लेक्सवरच्या स्वतःच्या कपाळावर पुरीएवढं टेकवलं, मग जाऊबाईंच्या, नणंदेच्या, आणि खुर्ची सरकवून माझ्याही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरल्यावर त्या एकदा वर बघून म्हणाल्या, "मान बरी झाली."

'बरी'! 'छान'च्या अगदी दारात! माझ्या जिवात जीव आला.

पण ऊन चढलं, फ्लेक्स तापला, आणि तेल पातळ झालं. पूजेचं तबक घ्यायला मी पुन्हा बाहेर आले, तर चारही कपाळांवरून लाल ओघळ निघाले होते. नाकावरून ओठांवर, ओठांवरून हनुवटीवर. आधी आम्ही फक्त विधवा होतो, आता जखमीही झालो! हार घातलेले नाना तेवढे मधोमध हसत होते. नव्याने येणारे पाहुणे विचारत होते, "कहाँ हुआ एक्सिडेंट?" गुरुजींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, होमाआधी एखादी शांती करून घ्यायची काय? आणि शेवटचा ओघळ माझ्या डोळ्यांदेखत सासूबाईंच्या त्या नव्याकोऱ्या मानेवरून खाली उतरला.

घरी आल्यावर सासूबाई मला एका शब्दाने रागावल्या नाहीत. "होते कधी कधी" एवढंसुद्धा म्हणाल्या नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. मी कॅमेरा कपाटात ठेवला, क्लास सोडला. घरात पोहे पुन्हा गरम मिळू लागले. सगळे सुखी, मी एकटी सुतकात.

पुढे एक दिवस सरांचा फोन आला. त्यांनी माझं प्रोजेक्ट बघितलं होतं. "वाह आंटी जी, क्या स्किन है! एक दाग नहीं!" मी पहिल्या श्रेणीत पास झाले होते. हे क्लासमध्ये जाऊन सर्टिफिकेट घेऊन आले आणि मी "नको, नको" म्हणत असताना त्यांनी ते सासूबाईंपुढे ठेवलं.

सासूबाईंनी चष्मा पुसून लावला. सर्टिफिकेटच्या कोपऱ्यात माझा फोटो होता. त्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग मीही वाकून पाहिलं. सरांनी मोठ्या प्रेमाने माझ्याही फोटोवर तेच बटण दाबलं होतं! चेहरा चकचकीत आणि कपाळ कोरं!

सासूबाई उठून देवघरात गेल्या. बोटावर कुंकू घेऊन आल्या, माझ्या फोटोच्या कपाळावर नेमकं टेकवलं आणि सर्टिफिकेट लांब धरून पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या. "आता छान दिसून राहिली."

छान! एवढ्या वर्षांतला पहिला 'छान'! मी पदराने डोळे पुसले, ह्यांनी पेढे आणायला चपला घातल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की तो 'छान' त्यांनी स्वतःच्याच एडिटिंगला दिला होता.